आंबा चालतो, मग रस का चालत नाही?



मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही वस्तीतल्या विहारात मुलांसोबत आंब्याचा रस केला. रस करण्यावर लेख काय लिहायचा, असे कुणालाही वाटेल. आम्हालाही तसेच वाटले होते. पण त्या दिवशी एका दहा वर्षांच्या मुलीने आम्हाला जे सांगितले, ते एम.ए.च्या दोन वर्षांत आम्ही पुस्तकांत वाचले होते आणि तरीही आम्हाला नीट कळले नव्हते.

आमचे गाव मराठवाड्यातले, तालुक्याचे. विहारात दर रविवारी मुलांचा वर्ग भरतो. सुट्टीत अभ्यास नको म्हणून मुले कुरकुर करू लागली, तेव्हा ठरले की या रविवारी पुस्तक बंद, रस आणि शेवया करायच्या. आठवडी बाजारातून गावरान आंब्यांचा एक शेकडा आणला. हापूस, केशर आपल्या खिशाला परवडत नाही आणि पिळायच्या रसाला गावरान आंब्यासारखा आंबा नाही.

सुरुवातीलाच आमची चूक झाली. सवयीने आम्ही पोरांना सतरंज्या अंथरायला आणि पाण्याच्या कळशा आणायला पाठवले आणि पोरींना आंबे धुवायला बसवले. सातवीतली एक मुलगी सरळ म्हणाली, "दादा, पोरांना रस प्यायचा नाही का?" आम्ही गप्प झालो. समतेवर भाषणे करणारे आम्ही, आणि कामाची वाटणी मात्र जशी घरात पाहिली तशीच! मग सतरंजी राहिली बाजूला. सगळ्यांनी साबणाने हात धुतले, नखे तपासली आणि पोरे-पोरी मिळून पातेल्यांभोवती गोल बसले.

रस करायला अवघड काहीच नाही. आंबे तासभर पाण्यात भिजत घालायचे. मग देठ खुडून पहिला चीक पिळून टाकायचा, नाहीतर ओठाला आणि घशाला खाज सुटते. आंबा दोन्ही तळव्यांत धरून हलक्या हाताने मऊ करायचा; जोर केला तर साल फुटून रस थेट शेजारच्याच्या तोंडावर. तसे चार-पाच वेळा झालेच. मग रस पातेल्यात पिळायचा. साली आणि कोयी थोड्या पाण्यात धुवून तेही पाणी रसातच घालायचे, कारण सालीला लागलेला रस वाया घालवण्याची ऐपत आपल्या आयांना कधी नव्हती. गावरान आंब्याला रेषा फार, म्हणून पुरणाच्या चाळणीतून गाळून घ्यायचा. आंबट वाटला तर किसलेला गूळ, चिमूटभर मीठ आणि थोडी सुंठ. चूल पेटवायची ती फक्त शेवयांसाठी; ते काम आमच्यातल्या मोठ्या ताईंनी केले. कधी पाण्याचा तांब्याही न उचलणारी पोरे कोपरापर्यंत पिवळी होऊन हसत होती.

त्या गोलात शेजारच्या आळीतली एक मुलगी होती. ती आपल्या समाजाची नाही. गणित कच्चे म्हणून वर्षभर वर्गाला येते. सगळ्यांत नीट रस तिनेच पिळला. वाट्या भरल्या, पंगत बसली आणि ती मात्र उठून दाराशी जाऊन उभी राहिली.

"का गं, बस की."

"नको. आजी म्हणती, इथलं काही खायचं नाही."

आमच्यापैकी एकाने टोपलीत उरलेला एक आंबा उचलून विचारले, "आणि आंबा?"

"आंबा चालतो," ती म्हणाली. "आंबा झाडाचाय ना."

तिने तो आंबा घेतला, देठ खुडला, चीक काढला आणि दारातच उभी राहून चोखून खाल्ला. आत आम्ही सगळे तिच्या हातचा रस प्यालो.

मित्रहो, जात म्हणजे काय हे यापेक्षा थोडक्यात कुणी सांगितले आहे? घुर्ये यांच्या १९३२ च्या ग्रंथात जातिव्यवस्थेची लक्षणे दिली आहेत, त्यात खाण्यापिण्यावरचे निर्बंध हे एक लक्षण आहे. उत्तर हिंदुस्थानात पाण्यात शिजवलेले ते 'कच्चे' आणि तुपातले ते 'पक्के' असा भेद कसा पाळला जाई, हे आम्ही परीक्षेत लिहून आलो होतो. अख्खे फळ, कोरडा शिधा कुणाकडूनही चालतो. आमच्या शेतमजुराने उतरवलेला आंबा चालतो. पण त्याच आंब्याला आमच्या भांड्यातले पाणी लागले की तो बाटतो! म्हणजे आमचे श्रम चालतात, आमचा स्पर्श चालत नाही. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी जे पाणी ओंजळीत घेतले, ते हेच पाणी. ते आजही एका लहान मुलीच्या आणि एका वाटीच्या मध्ये उभे आहे.

गोडाधोडाचे तर आणखीच. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या लिखाणात बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीकत नोंदवली आहे. तीर्थयात्रेहून आलेल्या एका अस्पृश्याने आपल्याच जातभाईंना जेवण दिले आणि त्यात तूप वाढले. एवढ्यावरून शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्न नासवले आणि जेवणाऱ्यांना मारहाण केली. कुणाच्या ताटात तूप असावे, हेही व्यवस्था ठरवत होती. आणि हे सगळे जुने झाले असे कुणी म्हणत असेल, तर डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातल्या एका शाळेत दलित भोजनमातेने शिजवलेले जेवण मुलांनी नाकारल्याची बातमी आठवावी. ती मुले जन्मतः तशी नव्हती. त्यांना कुणीतरी घरात शिकवले होते.

त्या दुपारी आमच्यात वाद झाला. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "आत्ताच्या आत्ता तिच्या घरी जाऊन जाब विचारू." दुसरा म्हणाला, "तिला समजावून एक घोट प्यायला लावू, फोटो काढू, ग्रुपवर टाकू." आम्ही दोन्हीला नकार दिला. जाब विचारला असता तर दुसऱ्या दिवशी तिचे वर्गाला येणे बंद झाले असते. आणि घोट पाजून काढलेला फोटो आमच्या समाधानाचा. घरी गेल्यावर मार तिने खायचा. दहा वर्षांच्या पोरीच्या पाठीवर आपली क्रांती लादण्याचा अधिकार आम्हाला कुणी दिला?

नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी त्याच लिखाणात स्पष्ट केले आहे. जातीला पवित्र ठरवणाऱ्या श्रद्धेवरच घाव घालावा लागेल, हे त्यांचे म्हणणे आम्हाला पूर्ण मान्य आहे. पण ती श्रद्धा मुलांना ग्रंथ वाचून मिळत नाही. ती स्वयंपाकघरात मिळते: हे शिवू नको, त्यांचे खाऊ नको, हे पोरींचे काम. जे हाताने शिकवले जाते, ते मोडायलाही हातच लागतात. भगवान बुद्धांनी लहान राहुलला खोटे बोलण्याचे दोष समजावले ते पाण्याच्या भांड्यात उरलेले थोडेसे पाणी दाखवून. आपण मात्र मुलांना सतरंजीवर बसवून तासभर भाषण ऐकवतो.

आमच्या मुलांनीही त्या दिवशी विचारले, "ती आपलं खात नाही, मग आपण तिनं पिळलेलं का प्यायलो?" प्रश्न रागाचा होता आणि राग खरा होता. आम्ही म्हणालो, "कारण आपल्याला रस आवडतो आणि ती आपली मैत्रीण आहे. विटाळ मानायचा धंदा आपण बावीस प्रतिज्ञा घेऊन सोडला." सगळ्यांचे समाधान झाले नाही. एका मुलाने वाटी तशीच ठेवली. त्याच्यावरही आम्ही जबरदस्ती केली नाही.

पुढच्या आठवड्यात आमच्या ताई त्या मुलीच्या आईला भेटल्या. दोघी एकाच बांधावर खुरपायला जातात. रसाचा विषय ताईंनी काढला नाही; पोरगी गणितात पुढे गेली, एवढेच सांगितले. आई म्हणाली, "येऊ द्या तिला." आजीबद्दल ती काही बोलली नाही. ती मुलगी अजून वर्गाला येते. आमचा रस ती अजून प्यालेली नाही.

कार्यकर्त्यांनो, तुमच्या विहारातही हे करून पाहा. खर्च फार नाही. पिळायला पोरांना आधी बसवा, फोटो काढू नका, आणि जे मूल दाराशी उभे राहील त्याला हाकलू नका, ओढूही नका. आता पावसाळा लागला, आंबे संपले. दिवाळीच्या सुमाराला सीताफळे येतील. गर काढून बिया वेगळ्या करायचे काम चिकाटीचे असते, त्यासाठी पुष्कळ हात लागतील. आम्ही तिलाही बोलावणार आहोत.

जयभीम! नमो बुद्धाय!