तात्पर्य लिहिण्याआधी

शनिवारचा शेवटचा तास नीतिशिक्षणाचा. आठवीच्या वर्गावर हा तास आम्ही दोघी मिळून घेतो. पहिली काही वर्षे आमची पद्धत ठरलेली होती. एक बोधकथा सांगायची, फळ्यावर तात्पर्य लिहायचे, मुलांनी ते वहीत उतरवायचे आणि सहामाहीला त्यावरच प्रश्न घालायचा. एकदा वह्या तपासताना एका वहीत 'नेहमी खरे बोलावे' या वाक्याखाली शेजारच्या मुलाचा हजेरी क्रमांकही जसाच्या तसा उतरलेला दिसला. खरे बोलण्याचा उपदेश नक्कल करून लिहिला होता! शिक्षककक्षात आम्ही पोट धरून हसलो.

घरी जाताना मात्र हसू ओसरले. जे वाक्य मुलाने स्वतः शोधलेलेच नाही, ते त्याने फळ्यावरून उतरवले काय किंवा शेजाऱ्याच्या वहीतून उतरवले काय, फरक तो काय? नक्कल तर सगळ्या वर्गानेच केली होती. आम्ही त्यांना दुसरे काही करायला सांगितलेच नव्हते.

तेव्हापासून आम्ही फळ्यावर तात्पर्य लिहिणे सोडले. त्या जागी तीन प्रश्न लिहितो: 'हे कशावरून?', 'सर्वांनीच असे केले तर?' आणि 'त्या जागी मी असतो तर?' मुले गोल करून बसतात. बोलणाऱ्याच्या म्हणण्यावर बोलायचे, त्याच्यावर नाही, एवढाच नियम. ही काही आमची अक्कलहुशारी नव्हे. अमेरिकेतील तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक मॅथ्यू लिपमन यांनी १९७० च्या दशकात शाळकरी मुलांसाठी तत्त्वज्ञानाचा अभ्यासक्रम तयार केला, तो याच धर्तीवर: आधी गोष्ट, मग मुलांचे प्रश्न, मग एकमेकांना कारणे मागणे. आणि आपल्याकडे तरी काय? कठोपनिषदातला नचिकेता लहान मुलगाच होता, आणि त्याने प्रश्न विचारले ते थेट यमाला.

गोष्ट मात्र जवळची हवी, हे आम्हाला हळूहळू उमगले. म्हणून एका शनिवारी आम्ही कमाटीबागेची गोष्ट घेतली. सहलीला, सुटीच्या दिवशी आपण बडोदेकर जिथे जातो तीच ही बाग. सयाजीराव महाराजांनी ती १८७९ साली उभारली. याच महाराजांनी १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवले. हे सर्व मुलांना पाठ असते, आणि सांगताना आपली मानही ताठ होते. पुढचे आपण सहसा सांगत नाही.

करारानुसार नोकरी करण्यासाठी आंबेडकर १९१७ मध्ये बडोद्याला आले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या माणसाला शहरात राहायला खोली मिळेना. शेवटी पारशी नाव लावून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास सांगून गेले. शहरात दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्राला राग आला, वाईटही वाटले, पण तो एवढेच म्हणाला की तुम्ही माझ्याकडे आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नी उद्या यायची आहे, तिला विचारावे लागेल. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचा वेळ आंबेडकरांनी कमाटीबागेत बसून काढला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

लाठीवाल्यांविषयी मुलांचे एकमत व्हायला दोन मिनिटेही लागली नाहीत. वाद झाला तो मित्रांवरून. एक मुलगा म्हणाला, "पण बाई, त्या दोघांपैकी 'नाही' कोणीच म्हणाले नाही!" वर्ग एकदम शांत झाला. मग एकीने सांगितले, आपण 'आईला विचारून सांगते' म्हणतो तेव्हा ते बहुतेक 'नाही'च असते. कोणी म्हणाले, नोकर खरेच निघून गेले असते तर? कोणी विचारले, तिघांच्याही धर्मात चांगले वागायलाच सांगितले आहे, मग तिन्ही दारे बंद कशी? या प्रश्नाने आम्हाला त्या वर्षीचे पुढचे चार शनिवार पुरले. धर्म काय सांगतो, रूढी काय सांगते आणि 'लोक काय म्हणतील' हे काय सांगते, या तीन गोष्टी वेगळ्या काढायला मुले तिथेच शिकली.

एक मुलगा त्या दिवशी काहीच बोलला नाही. पुढच्या शनिवारी त्याने हात वर केला. "आम्ही दर वर्षी २३ सप्टेंबरला तिथे जातो. तुम्ही ही गोष्ट रडवेल्या आवाजात सांगितली. आमच्या घरी तशी नाही सांगत. तिथून ते उठले आणि पुढे काय काय केले, ते सांगतात." आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिले. आम्हाला दया दिसली होती, त्याच्या घराला निश्चय दिसत होता. गोष्ट तीच, पण ती कोणत्या बाकावरून ऐकायची यावर तिचा अर्थ बदलतो, हे आम्हाला त्याने शिकवले.

त्याच तासाला एका मुलीने विचारले, "बाई, आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा पेला वेगळा असतो. ते यातच मोडते का?" आणि लगेच, "तुमच्याकडे कसे आहे?"

आमच्यापैकी एकीच्या घरी स्टीलचा तसा एक पेला होता. खिडकीच्या कट्ट्यावर, बाकीच्या भांड्यांपासून दूर. सासूबाईंच्या वेळेपासून तो तिथेच होता. 'विचारून सांगते' म्हणण्याची सोय त्या दिवशी उरली नव्हती. "आहे," असे उत्तर दिले गेले आणि घंटा झाली. दुसऱ्या दिवशी चहा घरातल्याच कपात दिला, तर मावशी म्हणाल्या, "राहू द्या बाई, सवय आहे मला." त्यांची सवय मोडायला पंधरा दिवस लागले. वर्गात हे सांगितले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी विचारले, "मग आधी का नाही?" त्याला आमच्याकडे उत्तर नव्हते.

पालकांच्या तक्रारीही आल्या. एक आजोबा रागावून शाळेत आले. "देवाला नमस्कार कर म्हटले तरी नातू विचारतो, कशावरून! हेच शिकवता का?" विचार करता त्यांचे अर्धे म्हणणे आम्हाला पटले. प्रश्न दिला होता, पण तो आधी स्वतःच्या मताला विचारायचा आणि समोरच्याचे उत्तर पुरते ऐकून घ्यायचे, हे सांगायचे राहिले होते. आम्ही आजोबांनाच वर्गात बोलावले. मुलांनी विचारले, तुम्ही नमस्कार का करता? ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "देव ऐकतो की नाही, मला सांगता येणार नाही. पण दिवसातून एकदा माझी मान खाली जाते. तेवढे मला पुरते." त्यांचा नातू त्यांच्याकडे पाहतच राहिला. हे त्याने त्यांना घरी कधी नीट विचारलेच नव्हते.

विश्वस्त मंडळासाठी दोन शब्द. या तासाला आम्ही कोणत्याही एका धर्माची दीक्षा देत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाची सक्ती करता येत नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानेही धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत फरक केला आहे. आम्ही दुसरे करतो. मंडळाकडे मागणी एकच: परीक्षा जवळ आली की हा तास गणिताला देऊ नये. आणि त्याला गुणही नकोत. गुण आले की पुन्हा वह्या उतरवणे आले.

पालकांनो, मूल घरी येऊन अडचणीचा प्रश्न विचारील. त्याला गप्प बसवू नका, आणि घाईने उत्तरही देऊ नका. या महिन्याचा प्रश्न आम्ही येथेच देतो, जेवताना घरात सर्वांनी मिळून बोला: थेट 'नाही' न म्हणता आपण कोणाला दारातून परत पाठवले आहे? मुलांनो, सुरुवात मोठ्यांपासून करा. आमच्यापासून केली तरी चालेल.