काहीतरी बिघडलं आहे!

निरोप कसा असावा? आमच्या सौभाग्यवतींसारखा : "मोरीतला नळ गळतोय, वायसर गेलाय, येताना आणा." कुठं, काय, का, सगळं आलं!

त्याच दिवशी एका कचेरीत लिनक्सच्या कर्नलनं मला तोंडघशी पाडलं. यंत्रात चार नेटवर्क कार्डं आणि नोंदवहीत एकच ओळ : 'ट्रान्समिट फेल्ड'. कोणतं कार्ड? राम जाणे! अंदाजानं एक केबल उपसली, तर नेमकं धडधाकट कार्ड बंद पडून अर्धी कचेरी ठप्प. ड्रायव्हर उघडून पाहतो तो काय, ती ओळ माझीच, तरुणपणी लिहिलेली!

बसलो दुरुस्तीला. नुसत्या 'प्रिंटके'च्या जागी २०१० साली कर्नलात आलेलं 'नेटडेव्ह_एर' घातलं. ड्रायव्हरचं नाव, बसवरचा पत्ता आणि 'ईटीएच २' हे कार्डाचं नाव ते आपणहून पुढं जोडतं. शेवटी त्रुटीचा आकडाही दिला : उणे ११०, म्हणजे वेळ टळली. बाकीची किरकोळ कुरकूर तिसऱ्या पातळीवरून सातव्या, डीबगच्या पातळीवर ढकलली.

रात्री घरी येऊन ती नवी ओळ सौभाग्यवतींना मोठ्या ऐटीत वाचून दाखवली.

"छान! आणि वायसर?"