नांव एक, आजार अनेक

एकाच वर्गांत एका नांवाचीं दोन मुलें असलीं म्हणजे काय घोटाळे होतात, हें विद्यार्थ्यांस सांगावयास नको. एकाचे गुण दुसऱ्याच्या नांवावर चढतात आणि एकाच्या खोड्यांचा बोल दुसऱ्यास लागतो. शाळेंतला घोटाळा हजेरीपट पाहून मिटवितां येतो. परंतु रोगांच्या बाबतींत तो झाला, तर जिवावर बेततो. मधुमेह हें असेंच एक नांव आहे. त्याखालीं निरनिराळे आजार मोडतात, आणि त्यांतील भेद न ओळखल्यास केवढा अनर्थ ओढवूं शकतो, हें आम्हीं एका विद्यार्थिनीच्या आजारांत जवळून पाहिलें.

ही मुलगी सातवींत होती. अभ्यासांत हुशार, खेळांत चपळ. एका पावसाळ्यांत ती वारंवार पाणी पिऊं लागली व दर तासास बाहेर जाण्याची परवानगी मागूं लागली. डबा पुरता संपवूनही ती दिवसेंदिवस वाळत चालली. कोणी म्हणे, वाढीचें वय आहे. कोणी म्हणे, जंत झाले असतील. तीन आठवड्यांनीं तिला उलट्या सुरू झाल्या, श्वास जोरानें चालूं लागला आणि ग्लानि आली, तेव्हां तिला इस्पितळांत नेलें. रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, “मुलीला मधुमेह आहे, पहिल्या प्रकारचा.” वेळेवर इन्सुलिन मिळालें म्हणून ती वांचली.

परंतु खरी कसोटी पुढेंच होती. तिच्या आजोबांनाही मधुमेह होता. त्यांना तो साठीच्या सुमारास जडला. ते गोळ्या घेत, रोज सकाळीं फिरावयास जात, गोड टाळीत, आणि त्यांची प्रकृति ठीक होती. नातलगांनीं हिशेब मांडला : आजोबांस सुई लागत नाहीं, मग एवढ्याशा पोरीस दिवसांतून चार वेळां कशाला? कोणीं कारल्याचा रस सुचविला, कोणीं मेथीची पूड. एका आप्तानें तर इन्सुलिन बंद करण्याचा आग्रहच धरला. शेजारणी म्हणत, “लाड फार केले, त्याचें हें फळ.” शेवटीं मुलीची आई शाळेंत आली आणि डोळ्यांस पदर लावून म्हणाली, “सर, मी तिला चार पेढे जास्त दिले, म्हणून हें झालें का हो?”

त्या माउलीस आम्हीं जें सांगितलें, तेंच येथें सर्व पालकांसाठीं लिहीत आहों.

आपण खातों त्या अन्नाची साखर होऊन ती रक्तांतून शरीरभर फिरते. रक्त हा जणूं पाट, आणि शरीरांतील असंख्य पेशी हे वाफे. पाटाला पाणी आलें तरी दारें धरणारा गडी हवा. त्याच्यावांचून वाफ्यांत पाणी शिरत नाहीं. हा गडी म्हणजे इन्सुलिन. तें जठरामागील स्वादुपिंडांत तयार होतें.

पहिल्या प्रकारांत शरीराची संरक्षक शक्तीच चुकून इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करिते. गडीच उरत नाहीं. पाट दुथडी वाहतो आणि वाफे मात्र करपतात. साखर लघवीवाटे पाणी घेऊन बाहेर पडते, म्हणून तहान. आणि उपाशी शरीर आपली चरबी जाळूं लागतें, त्यामुळें रक्तांत आम्ल सांचतें. हा आजार गोड खाल्ल्यानें होत नाहीं, एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं, आणि त्यांत आईबापांचा दोष नसतो. येथें इन्सुलिन देणें म्हणजे शरीरांत नाहींशी झालेली वस्तु बाहेरून भरून देणें होय. तें बंद केलें तर थोड्याच दिवसांत प्राण संकटांत येतो.

दुसऱ्या प्रकारांत गडी असतो, परंतु वाफ्यांचीं तोंडें गाळानें बुजलेलीं असतात. त्यास दुप्पट राबावें लागतें व पुष्कळ वर्षांनीं तो थकतो. आनुवंशिकता, बैठें जीवन व पोटावरील चरबी हीं याचीं मोठीं कारणें. म्हणून येथें चालणें, मिताहार व गोळ्या यांचा उपयोग होतो. पुढें कित्येकांस इन्सुलिनही लागतें. मात्र बारीक अंगकाठी म्हणजे अभय नव्हे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनीं २००३ सालीं दाखविलें कीं, पुण्याजवळील खेड्यांतील नवजात बालकांचें सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडांतील साउदॅम्प्टनच्या बालकांचें ३.५ किलो; तरीही आपल्या बालकांच्या अंगावरील चरबी त्या मानानें कमी नव्हती. हिंदुस्थानांत मधुमेही १० कोटींहून अधिक आहेत, असें २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचें अनुमान आहे. त्यांतील बहुतेक दुसऱ्या प्रकारचे. म्हणूनच लोक सर्वांस एकच माप लावितात.

याशिवाय गरोदरपणांत उद्भवणारा मधुमेह निराळा. बालपणापासूनच्या कुपोषणानें होणारा आणखी एक प्रकार आहे. त्याचा अभ्यास वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजांत झाला, आणि २०२५ सालीं आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानें त्यास पांचवा प्रकार म्हणून मान्यता दिली.

हा भेद अगदींच नवा नाहीं. सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे ‘सहज’ व ‘अपथ्यनिमित्त’ असे दोन भेद करून पहिल्याचा रोगी कृश व दुसऱ्याचा स्थूल असतो, असें सांगितलें आहे. १९३६ सालीं लंडनच्या हॅरॉल्ड हिम्सवर्थ यांनीं इन्सुलिनला दाद देणारा व न देणारा, असे दोन मधुमेह प्रयोगानें वेगळे दाखविले. आणि त्याआधीं, जानेवारी १९२२ मध्यें, कॅनडांतील टोरोंटो येथें लेनर्ड थॉम्प्सन ह्या १४ वर्षांच्या मरणोन्मुख मुलास बँटिंग व बेस्ट यांच्या संशोधनांतून निघालेलें इन्सुलिन प्रथम टोचलें गेलें. तो पुढें १३ वर्षें जगला. त्यापूर्वीं अशीं मुलें बहुधा वर्षा-दोन वर्षांत दगावत. जी सुई नातलगांस जुलूम वाटत होती, तिची किंमत ही आहे.

सुदैवानें त्या घरांत आजोबांनींच हें प्रथम मानलें. सर्वांस बसवून ते म्हणाले, “माझें दुखणें माझें, नातीचें नातीचें. माझ्या गोळ्या तिला नकोत, आणि तुमचा रसही नको.” त्या दिवसापासून तिची सुई चुकली नाहीं. आतां ती दहावींत आहे व खो-खोच्या संघांत धांवते.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या वर्गांत असें कोणी असल्यास त्यास ‘शुगरवाली’ अशीं नांवें ठेवूं नका. त्यास मधेंच खावें लागलें तर हंसूं नका. त्यास घाम सुटला, हात थरथरूं लागले किंवा तो असंबद्ध बोलूं लागला, तर साखर फार उतरली असें समजून तीन चमचे साखर पाण्यांतून लगेच द्या आणि शिक्षकांस बोलवा. तो बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींच घालूं नका, डॉक्टरांस आणा. आणि पालकहो, मुलास एकाएकीं फार तहान, फार लघवी व रोडपणा दिसला, तर वाट न पाहतां त्याच दिवशीं रक्त तपासून घ्या. प्रकार कोणता हें केवळ वयावरून वा शेजाऱ्याच्या अनुभवावरून ठरत नाहीं. तें डॉक्टरांनाच ठरवूं द्या. तपासणीस अर्धा तासही लागत नाहीं. विलंबाची भरपाई मात्र पुढें कशानेंही होत नाहीं.