शंभर एमबीची जागा

१३ ऑक्टोबर २०२५, सोमवार

उद्या विंडोज १० ची मुदत संपते. मशीन बंद पडत नाही, फक्त सुरक्षेचे अपडेट थांबतात, हे दुकानात येणाऱ्यांना दिवसभर सांगत होतो. पण दुसरबीडमध्ये आणि आसपासच्या खेड्यांत जी मशीन आहेत ती बरीचशी जालन्याहून सेकंडहँड आणलेली, चौथ्या-सहाव्या पिढीच्या प्रोसेसरची. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर. सातबारा निघतो, पीकविम्याचा अर्ज भरता येतो, अशी धडधाकट मशीन भंगारात घालायची हे मला पटत नाही. सोयाबीनचे चार पैसे हातात येतात ते नव्या मशीनमध्ये जाऊ नयेत. म्हणून सांगतो, विंडोज आहे तसं राहू द्या, शेजारी लिनक्स टाकू, महिनाभर वापरून बघा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे, लिबरऑफिसचे मराठीतून धडे आहेत, तेही दाखवतो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

संभाजीनगरला इंजिनिअरिंगला असलेली गावातली मुलगी सुट्टीत आली आहे. संध्याकाळी वडिलांबरोबर लॅपटॉप घेऊन दुकानात आली. तिनं स्वतःच लिनक्स मिंट टाकलं. पेनड्राइव्ह दिसेना म्हणून बायोसमध्ये जाऊन यूईएफआयचं लेगसी केलं. इन्स्टॉल शेवटापर्यंत गेलं आणि ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, बसत नाही असा एरर आला. रीस्टार्ट केल्यावर काळ्या पडद्यावर बूट करण्यासारखं काही नाही असा संदेश. लिनक्स नाही, विंडोजही नाही.

वडील म्हणाले, "भाऊ, तिकडं दाखवलं तं फॉरमॅट मारा लागते म्हणतात. पोरीचं सारं काम हाय त्याच्यात."

फॉरमॅट हा सल्ला ऐकला की मला राग येतो. डिस्कवरची एक फाइलही न बघता तो दिला जातो. त्यांना म्हटलं, काका, काम बहुतेक जागेवरच असेल, तिथपर्यंत जायची वाट तेवढी मोडली आहे. लॅपटॉप ठेवून घेतला.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी लाइट असतानाच बसलो. मुलगी शेजारी होती, तिलाच हात चालवायला लावला.

पेनड्राइव्हवरून मिंट उघडून आधी पार्टिशनांची यादी काढली. पहिलं शंभर एमबीचं, फॅट-३२. मग सोळा एमबीचं, विंडोजनं राखलेलं. मग सी ड्राइव्ह, मग रिकव्हरी, आणि शेवटी तिनं केलेलं लिनक्सचं ईएक्सटी-४. सी उघडला. प्रोजेक्टचं फोल्डर, फोटो, सगळं होतं. तिनं वडिलांना लगेच फोन लावला.

शंभर एमबीचं पार्टिशन उघडलं. आत 'ईएफआय', त्याच्या आत 'मायक्रोसॉफ्ट' आणि 'बूट'. लिनक्सचं काहीच नाही. तिथं तिला नीट समजावलं. जुना बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर वाचतो. त्यातले ४४६ बाइट बूटच्या कोडला. यूईएफआय त्या वाटेला जातच नाही. तो या छोट्या पार्टिशनमधली फाइल उचलतो, आणि कोणती उचलायची याची यादी मदरबोर्डवरच्या आपल्या मेमरीत ठेवतो. तिची डिस्क जीपीटी, म्हणजे पार्टिशनांच्या तक्त्याच्या नव्या पद्धतीची, विंडोज यूईएफआयमधलं, आणि मिंट टाकलं लेगसीतून. जीपीटी डिस्कवर लेगसी ग्रबला एक एमबीचं वेगळं कोरं पार्टिशन लागतं, ते नव्हतं, म्हणून ग्रब अडलं. सेटिंग लेगसीच राहिली, म्हणून विंडोजही दिसेना.

बायोसमध्ये परत यूईएफआय केलं. विंडोज पहिल्या झटक्यात उघडलं. मग पेनड्राइव्ह पुन्हा लावला, या वेळी बूट मेनूत यूईएफआय लिहिलेली ओळ निवडून. खातरजमा सोपी असते: 'सिस'मधल्या 'फर्मवेअर'मध्ये 'ईएफआय' फोल्डर दिसलं की आपण योग्य वाटेनं आलो. तिचं लिनक्स माउंट केलं, शंभर एमबीचं पार्टिशन त्याच्या 'बूट-ईएफआय'वर जोडलं, चरूट करून आत गेलो, यूईएफआयचं ग्रब बसवलं, मेनू अपडेट केला. छोट्या पार्टिशनमध्ये 'उबुंटू' नावाचं फोल्डर आलं. ती दचकली, "दादा, मी तर मिंट टाकलंय." मिंट उबुंटूवरच बांधलेलं, फोल्डरला तेच नाव देतं.

रीस्टार्ट केल्यावर मेनूत दोन्ही नावं. तिला एवढंच बजावलं की इन्स्टॉलर कधीही त्या शंभर एमबीच्या ओळीवर फॉरमॅटची खूण दाखवू लागला, तर खूण काढायची आणि मगच पुढं जायचं. ते पार्टिशन सगळ्यांचं सामाईक आहे. गावच्या पांदीवर एकानं नांगर घातला तर सगळ्यांच्या गाड्या अडतात.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

दुकानात गर्दी, पण लिनक्स टाकायला आलेल्या एका शिक्षकांच्या नव्या लॅपटॉपला आज मुद्दाम हात लावला नाही. त्यात डिस्क कुलूपबंद ठेवणारं बिटलॉकर चालू आहे. नव्या लॅपटॉपमध्ये ते पुष्कळदा मालकाला न सांगताच चालू असतं, आणि बूटची किंवा सिक्युअर बूटची सेटिंग हलली की ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. सरांना ती कुठं आहे ठाऊक नव्हतं. आधी की शोधून कागदावर लिहून आणा म्हटलं. फास्ट स्टार्टअपही बंद करायला सांगितलं, कारण ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्सला सी ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

भाऊबीज झाली. कृषी सेवा केंद्राचा जुना डेस्कटॉप लिनक्स टाकायला आला. याची डिस्क जीपीटी नाही, जुन्या एमबीआर पद्धतीची आहे. शंभर जीबी मोकळे असूनही इन्स्टॉलर ती जागा वापरता येणार नाही म्हणतो. डिस्क ठीक आहे. एमबीआरच्या तक्त्याला जागाच ६४ बाइटची, त्यात चारच प्रायमरी पार्टिशन मावतात, आणि चारही भरलेली: सिस्टिम रिझर्व्ह्ड, सी, डी, कंपनीची रिकव्हरी. डी काढून त्या जागी एक्स्टेंडेड करायचं आणि त्याच्या पोटात डी व लिनक्स दोन्ही बसवायचे, हा मार्ग.

डीमध्ये केंद्राच्या पाच हंगामांच्या उधारीच्या नोंदी आहेत. मालक घाईत आहेत, रब्बीचं बियाणं सुरू झालंय. तरी आज फक्त बाहेरच्या हार्डडिस्कवर प्रत काढली, आणि त्यांच्यासमोर दहा-बारा बिलं त्या प्रतीतून उघडून पाहिली. एक फाइल उघडेना, ती पुन्हा उतरवली. पार्टिशनचं काम उद्या, इन्व्हर्टर पूर्ण चार्ज झाल्यावर.