राखेतून उठलेला बाजार

बंगळूरला जाणारी मराठी मंडळी लालबाग पाहतात, विधानसौधासमोर फोटो काढतात, म्हैसूर सिल्कची एखादी साडी घेतात आणि परतीची गाडी पकडतात. पण सकाळचे दोन तास हाताशी असतील तर एक कापडी पिशवी घ्या आणि रिक्षावाल्याला सांगा, ‘शिवाजीनगर, रसेल मार्केट.’

शिवाजीनगर हे नाव ऐकून पुण्याची आठवण येणारच. बंगळूरचे आणि आपले नाते तसे जुने आहे. १६३८ नंतर हे गाव शहाजीराजांच्या जहागिरीत होते. आज जिथे हा बाजार आहे तो भाग मात्र इंग्रजांच्या छावणीचा. १८०९ मध्ये इथे लष्करी छावणी वसली आणि तिच्या मागोमाग भाजीवाले, खाटीक, शिंपी, फुलवाले असे सारे आले. या वस्तीला पूर्वी ब्लॅकपल्ली म्हणत, पुढे तिचे शिवाजीनगर झाले. बाजाराची कमानींची, मनोऱ्यांची इमारत १९२७ ची. नाव मिळाले ते टी. बी. रसेल या तेव्हाच्या म्युनिसिपल कमिशनरांचे आणि १९३३ मध्ये उद्घाटन केले ते इस्माईल सेठ यांनी.

आत शिरताच आधी फुलांचा वास येतो. मोगऱ्याचे गजरे, शेवंतीचे ढीग, मग फळे, भाज्या आणि पलीकडे मांस-मासळी. कुणी तमिळमध्ये भाव करतो, कुणी कन्नडमध्ये, तर कुणी दख्खनी उर्दूत. एका गिऱ्हाइकाने भाव ऐकून मान हलवली आणि म्हटले, ‘नक्को!’ मी चमकून मागे वळले. दख्खनी बोलीत हा शब्द मराठीतूनच गेलेला आहे. परक्या गावात आपला एखादा शब्द असा भेटला, की गाव परके राहत नाही.

जवळच सेंट मेरी बॅसिलिका आहे. ८ सप्टेंबरच्या उत्सवात भगव्या साड्या नेसलेल्या भाविक बायका तिथे दिसतात, तर रमजानमध्ये याच रस्त्यांवर खजूर आणि खाद्यपदार्थ घेणाऱ्यांची दाटी होते. बाजार मात्र दोघांचाही तोच!

ती पहाट

२५ फेब्रुवारी २०१२, शनिवार. उजाडायच्या आतच बाजाराला आग लागली. शॉर्टसर्किट झाले, असे तेव्हा सांगण्यात आले. चारशेच्या वर दुकाने असलेल्या या बाजारात शंभराहून अधिक दुकानांना तिची झळ बसली.

दुकान जळणे म्हणजे नेमके काय जळणे, याचा आपण गिऱ्हाइके फारसा विचार करत नाही. भाजी-फळांचा व्यापारी पहाटे घाऊक बाजारातून माल आणतो, पुष्कळदा उधारीवर. संध्याकाळपर्यंत तो विकतो आणि त्याच पैशातून दुसऱ्या दिवशीचा माल येतो. हे चाक एक दिवस थांबले तरी घरात ओढाताण सुरू होते. माल जळतो, तराजू जळतो, फळ्या जळतात आणि सोबत उधारीची वहीही जळते. कुणाकडून किती यायचे, हे मग फक्त दुकानदाराच्या आणि गिऱ्हाइकाच्या मनात उरते.

याहून मोठी भीती दुसरीच असते. दुकानदार हे पालिकेचे भाडेकरू. जळालेली इमारत ‘धोकादायक’ ठरली, पाडली गेली, तर नव्या इमारतीत आपली जागा कधी मिळणार? मिळाली तरी भाडे परवडेल का? रसेल मार्केट पाडून तिथे बहुमजली संकुल उभारण्याच्या योजना वेळोवेळी पुढे आल्या होत्या आणि व्यापाऱ्यांनी त्यांना विरोध केला होता. म्हणून आगीनंतर लवकरात लवकर आपल्या जागेवर परतणे हा पोटाचा प्रश्न होता, तसाच हक्काचाही.

व्यापाऱ्यांनी मग स्वतःच्या खिशात हात घातला. पैसे गोळा करून त्यांनी जळालेला भाग दुरुस्त करायला घेतला आणि बाजार पुन्हा भरू लागला.

शेजार म्हणजे भांडवल

हे जमले कसे? उत्तर बाजाराच्या रोजच्या रीतीत आहे. इथे शेजारचा दुकानदार प्रतिस्पर्धी असतो खरा, पण सुट्टे पैसे त्याच्याकडेच मागायचे असतात आणि नमाजाला किंवा जेवायला जाताना गल्ल्यावर लक्ष ठेवायलाही त्यालाच सांगायचे असते. ज्याच्याशी वर्षानुवर्षे असा व्यवहार झाला, त्याच्यासोबत वर्गणी काढायला ओळख करून घ्यावी लागत नाही. अडत्या पुन्हा उधारीवर माल देतो तो कागद पाहून नव्हे, माणूस पाहून. गिऱ्हाईक जुन्या जागी शोधत येते तेही सवयीनेच. या सवयीचा विमा कोणतीही कंपनी उतरवत नाही, पण आगीत न जळणारी पुंजी हीच.

असे प्रसंग फक्त बंगळूरवरच येतात असे नाही. पुण्याच्या कॅम्पात १६ मार्च २०२१ ला जुन्या शिवाजी मार्केटमध्ये आग लागली आणि दहाच दिवसांनी, २६ मार्चच्या रात्री, फॅशन स्ट्रीटची दुकाने भस्मसात झाली. तोही छावणीचाच भाग आणि तिथलेही व्यापारी हातावर पोट असलेलेच.

म्हणून दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली दुकानदारांसाठी. जुन्या बाजारात एका तारेवर दुसरी तार चढत जाते. वर्षातून एकदा जाणकार इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग तपासून घेण्याचा खर्च नव्या छपराच्या खर्चापुढे काहीच नाही. दुसरी आपल्यासाठी. आपल्या मंडईत कधी असे संकट आले, तर हळहळून मॉलकडे वळू नका. राहिलेली उधारी कुणी न मागता आधी चुकती करा. तो रस्त्यावर पथारी टाकून बसला असेल, तर तिथे जाऊन भाजी घ्या. दुकानदाराला त्या वेळी आपल्या सहानुभूतीपेक्षा आपली रोजची खरेदी जास्त हवी असते.

मी निघाले तेव्हा पिशवीत सीताफळे होती आणि केसांत गजरा. फुलवालीने मागितले त्यापेक्षा दोन रुपये कमी द्यायचा माझा विचार होता. सवयीने तोंडही उघडले होते. मग समोरच्या गच्च भरलेल्या टोपल्यांकडे पाहिले आणि पूर्ण पैसे तिच्या हातावर ठेवले.