पिवळा पडलाय, घेऊ का?

शर्ट पिवळा पडला की त्याचं पायपुसणं होतं, फ्रिज पिवळा पडला की भंगारवाल्याला हाक जाते. ड्रम पिवळा पडला तर मात्र लोक त्याला 'व्हिंटेज' म्हणतात आणि भाव वाढवतात! गेले तीन आठवडे मी याच घोळात आहे. आमच्या विंगमध्ये "घेतलास का?" हेच आता गुड मॉर्निंग झालंय.

सेट लुडविगचा, १९६० च्या दशकातला. २२ इंची बेस, १३ इंची टॉम, १६ इंची फ्लोअर टॉम. फिनिश व्हाइट मरीन पर्ल, म्हणजे शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखं चमकणारं पांढरं. रिंगो स्टारने १९६३ साली घेतलेला लुडविग ब्लॅक ऑयस्टर पर्लचा होता. हा त्याचा गोरा भाऊ. म्हणजे, कधीकाळी गोरा! आता लोण्यापासून तुपापर्यंत सगळ्या छटा त्याच्यावर आहेत. विकणारे अंकल वसईचे. लग्नं, ख्रिसमसचे डान्स, नवरात्रातले ऑर्केस्ट्रा, सगळीकडे त्यांनी हाच वाजवला. आता खांदा साथ देत नाही. किंमत सत्तर हजार.

रंग का बदलला, याचं उत्तर आपल्या मटेरियल सायन्समध्येच आहे. त्या काळी लाकडी शेलवर सेल्युलॉइडचा पातळ पत्रा चिकटवायचे. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. हो, आपल्या देवघरातलाच कापूर! तो इथे प्लास्टिसायझर. वर्षानुवर्षं तो उडत जातो, पत्रा आकसतो, ठिसूळ होतो. आणि उजेडाने नायट्रोसेल्युलोज पिवळं पडतं. अंकलनी एक लग सोडवून दाखवला, तर त्याखाली पांढराशुभ्र ठसा, घड्याळाच्या पट्ट्याखाली मनगट असतं तसा. पिवळेपणा अस्सल निघाला. (हे सेल्युलॉइड भसकन पेट घेतं, त्यामुळे आरतीचं ताट लांब!)

पण आवाजाला रंगाशी देणंघेणं नाही. आवाज ठरतो तो शेल, हेड आणि काठ यांवर. म्हणून मी शेल काचेवर उपडा ठेवला, आत टॉर्च लावली आणि काठाखालून उजेड झिरपतो का ते पाहिलं. कुठेच नाही. क्रोमवर गंजाचे ठिपके आहेत, एका जोडावर पत्रा सुटलाय. पण शेल गोल आहेत, आणि फ्लोअर टॉमवर एक काठी मारली तेव्हा पोटात जे काही हललं ते कुठल्याच फॉर्म्युल्यात बसत नाही.

अंकल म्हणाले, "बाळा, वरचा पत्रा काढून लाल स्पार्कल लावून देतो. नव्यासारखा दिसेल." मी नकोच म्हटलं. आजकाल नव्या ड्रमना मुद्दाम पिवळसर फिनिश देऊन विकतात, आणि इथे खरा पिवळा मी सोलून काढू? त्यांच्या उजव्या मांडीच्या बाजूला पत्रा घासून गुळगुळीत झालाय. ते काही फॅक्टरीत होत नाही.

खरा प्रश्न पैशांचा. इंटर्नशिपचा स्टायपेंड आणि दोन वर्षांच्या ट्यूशन्स मिळून माझे बावन्न हजार आहेत. ते जीआरई आणि बाहेरच्या अर्जांसाठी ठेवलेले. बाबा म्हणाले, "माझी जुनी स्कूटर विकायला सहा महिने लागले. जुन्या वस्तूला गिऱ्हाईक नसतं." आई फक्त म्हणाली, "ठेवणार कुठे?" दोघांचं बरोबर आहे.

मी मात्र वेगळा हिशोब मांडला. जीआरई पुढच्या वर्षीही आहे. तोवर प्लेसमेंटला बसून वर्षभर नोकरी करता येते. हा सेट पुढच्या वर्षी कुणीतरी लाल करून टाकलेला असेल. कॉन्व्हेंटमध्ये सातवीत मार्च पास्टचा साइड ड्रम गळ्यात पडला, तेव्हापासून मी उसन्या ड्रमवरच वाजवतेय. अंकल उरलेले अठरा हजार सहा हप्त्यांत घ्यायला तयार आहेत.

तर मंडळी, घेतेय. पिवळाच घेतेय. सेट मावशीच्या गॅरेजमध्ये राहील, रेक्टर मॅडमनी निर्धास्त असावं. फक्त मेसच्या टेबलावर माझी बोटं वाजली तर तेवढं सांभाळून घ्या!