कँडीची दरी आणि येवल्याची घोषणा

श्रीलंकेत कँडीला बुद्धांच्या दंतधातूला वंदन करून आम्ही मंडळी महावेली नदीच्या दरीकडे वळलो. आमच्या आवडत्या ‘इंडियाना जोन्स अँड द टेंपल ऑफ डूम’ (१९८४) या चित्रपटातला दोरीचा पूल इथलाच! जवळच्या धरणावरील अभियंत्यांनी तो बांधला आणि चित्रीकरणातच तो तोडला गेला. आज फक्त दरी उरली आहे. पूल तुटतो, तेव्हा अजूनही आमचा श्वास अडकतो.

कथा मात्र १९३५ सालच्या भारतातली. त्यातले गावकरी परक्या वीराची वाट पाहतात. त्याच १९३५ साली, १३ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. बंधुभगिनींनो, मुलांना सिनेमा जरूर दाखवा. पण त्या वर्षीचे खरे साहस येवल्यात घडले, हेही सांगा.